चुरा

परसूचा फोटो आला शुक्रवारी,
त्याच्या सुट्टीच्या दिवशी.
अल-उलाला तो पाण्याचा टँकर चालवतो.
तिथं वाळवंटात डोंगर कोरून केलेलं जुनं शहर आहे,
राहायला कुणी नाही, सगळी थडगी,
असं त्यानं लिहिलं होतं
आणि पुढं एक हसणारं पिवळं तोंड.

तांबूस खडक, एकटाच.
त्यावर चार खांब, खांबांवर उलटसुलट पायऱ्या,
आणि पायथ्याशी गॉगल लावलेला परसू,
नखाएवढा.

आप्पांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला.
पोराकडं बघितलंच नाही.
“वरनं खाली आल्यात,” म्हणाले.
“आधी माथा, मग उंबरा.
आन् हे बघ, खाली टाकी लागलेलीच न्हाई.
पैसं थकलं आसतील.
न्हायतर मालकच गेला.”
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
“एवढा चुरा टाकला कुठं?”

कराडात त्यांची पन्नास वर्षं गेली.
पाटे, वरवंटे, जाती,
दारोदार जात्याला टाकी लावणं,
मिक्सर आल्यावर क्रशरवर खडी.
आगाशिव रोज समोर,
पण लेणी बघायला कधी चढले नाहीत.
“तितं आपलं काय काम? झालंय की ते.”

त्या रविवारी स्वतःहून चप्पल घातली.

जखिणवाडीपर्यंत रिक्षा, पुढं पायऱ्या.
वीस पायऱ्या, मग थांबायचं.
मग पंधरा.
मग मीच उगीच बुटाची लेस बांधायला बसायची.

मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते.
त्यांचाही मीच काढला, फेब्रुवारीत.
श्वास घ्या. धरा. सोडा.
दिवसातून साठ वेळा म्हणते,
त्या दिवशी मधलाच शब्द घशात अडकला.
फिल्मवर दोन्हीकडं बारीक पांढरी खडी,
कुणीतरी मूठभर फेकावी तशी.
डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या.
मी आप्पांना एकच शब्द सांगितला, धूळ.
“ती आसायचीच,” ते म्हणाले.

लेण्यात गारवा, वटवाघळांचा वास.
भिंतीवर कुणीतरी खिळ्यानं बदाम काढलेला,
आत दोन अक्षरं.
आप्पांना ती दिसलीच नाहीत.
ते तळवा फिरवत गेले घावांवरून,
अंधारात भिंत चाचपत दिव्याचं बटण शोधावं तसे.
“हितं दोघं होते.
ह्यो डावखुरा, घाव बघ कुणीकडं पडलाय.
ह्येचा हात हलका.
त्या दुसऱ्याला घाई,
घरी कायतरी आसंल त्येच्या.”

दोन हजार वर्षं, असं काहीतरी मी म्हणाले.
“आसंल,” ते म्हणाले.
“काळा दगड हाय. रोज चार बोटं सरकला तरी लई.”

मग कोपऱ्यातल्या दगडी ओट्यावर आडवे झाले,
भिक्खू निजत तिथं, भिंतीकडं तोंड करून.
पाठ वरखाली होताना मी बघत उभी,
डोकं तिरकं करून,
कामावर असते तशी.
घ्या.
धरा.

बाहेर आल्यावर त्यांनी उतार दाखवला.
“हितला चुरा खाली ढकललाय. घाणेरी उगवलीय त्येच्यावर.
ह्येचा हिशेब लागला.”
खाली कृष्णा आणि कोयना
समोरासमोर येऊन एकमेकींत शिरत होत्या.
त्यांनी तिकडं पाठ केली
आणि फोन तोंडाजवळ धरला, विडीसारखा.
“परसू, तितल्या लोकास्नी इचार,
चुरा कुठं टाकला म्हणून.
आन् पाणी पीत जा.”

उत्तर आलं उतरताना, निम्म्या वाटेवर.
मागं टँकरचं इंजिन, वारा,
आणि परसूचं हसू.
“आप्पा, हितं सगळा चुराच हाय की.
त्येलाच वाळवंट म्हणत्यात.”

आप्पा हसले. हसता हसता खोकले,
खोकत खोकत पायरीवर बसले,
मला हातानंच सांगितलं, थांब,
कायबी झालं न्हाई.
डोळे पुसून परत एकदा ऐकलं.
मग कुणाला तरी मजुरी चुकती करावी
तशी मान हलवली.

आणखी चाळीस पायऱ्या होत्या.
रिक्षावाला खाली हॉर्न देत होता.