चाकोरी

बोइनीलोमावशीनं तंबू दोनदा हलवायला लावला.
एकदा, गवतात दोन समांतर चाकोऱ्या दिसल्या म्हणून :
"ही पाणघोड्याची वाट. रात्री चरायला निघतो.
आपण मधे आलो तरी वळत नाही."

दुसऱ्यांदा, झाडाखालून.
वर दोरांना टांगलेली फळं,
हातभर लांब, वरवंट्याइतकी जड.
त्याच झाडाच्या होडीतून बेटावर आलो होतो.
"सिंहाचं सगळेच विचारतात," ती म्हणाली,
"माझ्या भावाचा खांदा या फळानं मोडला."

बूट आत घेतले; तरस चामडं सोडत नाही.
चेन शेवटच्या दातापर्यंत ओढली.
माउनच्या बसथांब्यावर वाढलेला मी,
ओकावांगोतली माझी पहिली रात्र.

मग कानाशीच
कुणीतरी गवत उपटू लागलं,
टर्र, टर्र,
दमानं, घासामागून घास.
मधे एक कापड,
माझ्या सदऱ्याहून जरासं जाड.
आणि मला लघवीला लागलेली.

शेजारच्या तंबूत मावशीचं घोरणं.
तेवढंच धरून पडून राहिलो :
ती घोरतेय
तोवर ठीक आहे.

पहाटेकडे घोरणं थांबलं.
गवतही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.
मग एक खोकला,
आणि किटलीचं झाकण.