फळीवरचा गोल

तेंदूपत्त्याची फळी उन्हाळ्यापुरती ठेकेदाराची,
एरवी आमची.
येनाचे दोन खांब, आडवा बांबू, जाळी नाही.
मागं बांधीत लाखोळी, निळी फुललेली.

सहाला शिट्टी गळ्यात घालते,
साडेसातला काढून खांबाला अडकवते
अन् हातमोजे चढवते.
रविवारी चंद्रपूरला माझीच मॅच,
माझ्या सरावाला पोरींशिवाय कोण?

सगुणा उसेंडीला मीच शिकवलं :
नजर एका खांबाकडे, पाय दुसऱ्याकडे,
गोलकीपरशी डोळ्यांनी खोटं बोलायचं.

आज ती बोलली.
मी डावीकडे झेपावले,
कोपर सोललं, दातांत माती.
चेंडू उजवीकडून गेला
मला पाठ असलेल्या वाटेनं.

पोरी चिडीचूप.
"लागलं का जी, मॅडम?"

पडल्या पडल्याच टाळी वाजवली.
हातमोज्यांची टाळी वाजत नाही,
नुसती धप् होते
गोधडी झटकल्यासारखी.
तिला ती शाबासकी वाटली की राग, कोण जाणे.

"काहून उभी आहेस वं? मार पुन्यांदा."

पण चेंडू लाखोळीत.
गेलेला चेंडू गोलकीपरनंच आणायचा,
हा नियमही माझाच.