कच्चा माल

कथा नऊ पानांची. शेवटच्या ओळीत
यान परत येतं, आत कुणी नाही.
सिनेमात मात्र काचेमागे चेहरा ठेवलाय,
तोही हसरा.

फसवलं, म्हणालो मी, सावद्याच्या फलाटावर
शेवटच्या पॅसेंजरची वाट पाहत.

लोटन आप्पांनी कथा वाचलेली नाही.
तेहतीस वर्षं दिल्लीच्या वॅगनी भरल्या त्यांनी.
म्हणाले, घड हिरवेच चढवले.
त्यातलं एक केळंही पिवळं झालेलं पाहिलं नाही,
ते तिकडे, दुसऱ्यांच्या अंधारात पिकायचं.

आणि वॅगन?

रिकामीच यायची, भो.
आत वास ऱ्हायचा फक्त.
त्यावरून कळायचं, माल पोचला का सडला.

मी ती शेवटची ओळ पुन्हा आठवली.
वासाबद्दल
लेखकानं काहीच लिहिलं नव्हतं.