गडी

रेग्यांच्या फोनशेजारी एक लांबट वही असायची.
दूध, इस्त्री, पेपर,
आणि शेवटच्या पानावर 'गडी':
त्याखाली तारखा, खाडे, गणपतीला घेतलेली उचल.
गुणाजी तावडे असं त्या वहीत कुठेच नव्हतं.

हिंदू कॉलनी, चौथी गल्ली, दुसरा मजला.
रेगेबाई फोनवर सांगायच्या,
"आमचा गडी येईल डबा घेऊन."

साडेसहाला बाबा नायगावच्या मैदानावर.
शर्ट घडी करून माझ्या मांडीवर,
कपाळाला माती.
अप्पा चेंदवणकर रेषेबाहेरून ओरडायचे,
"आमचा गडी आहे तो!
डाव्या कोपऱ्यात जाताय तर चड्डी सांभाळा!"

तेच दोन शब्द.
मी आठ वर्षांची, चपला राखायला बसलेली.
फरक विचारला असता तर सांगता आला नसता,
पण बाबांची मान सांगायची.

शाळेत बाई पट भरत होत्या. वडील काय करतात?
म्हटलं, गडी आहेत.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
बाईंनी मान वर न करता विचारलं, "कुठल्या संघात?"
मी संघाचं नाव सांगितलं.
खोटं नव्हतं ते.
तरी घरी आईला सांगितलं नाही.

आमच्या खोलीत हा शब्द दिवसभर राबायचा.
गडीमाणसं आधी जेवून घ्या.
पत्त्यांना एक गडी कमी आहे, वरच्या बाळ्याला हाक मार.
गडी बिलंदर हो, भाडं थकवून वर चहा पिऊन गेला.
अरे गड्या, काय तब्येत केलीस ही!
आणि आई, नळावर, पदर खोचून:
गडणींनो, माझा हंडा मागे सरकवलात तर बघा.

मग बाबांचा गुडघा गेला.
बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो,
आपल्यांनी समोरचा एक मारला की उठून आत येतो.
नियमच आहे तसा.
बाबा त्या मोसमात बसले ते बसलेच,
अप्पांनी त्यांची जागा
दोन वर्षं कुणाला धड दिली नाही.

कॉलनीतलं काम मात्र चालूच होतं,
दोन जिने, एका पायावर.

रेगेबाई गेल्या. मुलगा कॅनडात.
रेग्यांचे ब्रिजवाले स्नेही एकेक करत
फोटोत जाऊन बसले.
एका रात्री बाबा दहाला घरी आले.
आई दारातच उभी.
"रेगे म्हणाले, बस. गडी कमी आहे."
"कुठे बसलात?"
बाबांनी जरा वेळ लावला.
"खुर्चीवर."

एकवीस वर्षं त्या घरातल्या खुर्च्या
त्यांनी रोज पुसल्या होत्या.
ती वेताची आहे, बसली की करकरते,
हे त्यांना त्या रात्री कळलं.

मग रोजच रमी. चहा कोण करायचं?
बाबाच करायचे.
पानं उपडी ठेवून उठायचे,
आणि रेगे, बाबा म्हणतात, कधी डोकावले नाहीत.
पगार तेवढाच राहिला.

मागच्या वर्षी तो फ्लॅट विकला.
रद्दीतून बाबांनी फक्त ती वही आणली.
शेवटच्या पानावर खाड्यांच्या खाली
हिरव्या शाईत, थरथरत्या अक्षरात दोन रकाने:
मी. गडी.
खाली आकडे, डावामागून डाव,
पान संपल्यावर पुठ्ठ्यावरसुद्धा.

मी त्या शब्दाकडे बघत राहिले.
आता हा कुठला? कॉलनीतला की मैदानावरचा?
विचारलंच शेवटी.

बाबांनी चष्मा लावला,
बोट ठेवून खालपर्यंत आले,
ओठांनी मोजत.
"रेग्यांनी स्वतःच्या रकान्यात
हातचा एक धरलाच नाही," म्हणाले.
"ही बेरीज परत कर.
हरलेत ते."