ड्रम

पोलिसांच्या मैदानात, सोहारला,
सकाळी पावणेसातलाच डांबर मऊ लागतं.
तेलाचे रिकामे ड्रम दोन्ही बाजूंना उभे,
प्रत्येकात एक काठी खोचलेली.
मधून मागे मागे जात
गाडी आत बसवायची.
काठी हलली की नापास.

शिकवणारीचं नाव मोझा.
मराठीत ते पायात घालतात
हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.
तासाला सात रियाल.
सात गुणिले दोनशे पंधरा,
स्टिअरिंग धरलं की हा गुणाकार सुरू व्हायचा
आणि पहिल्या सिग्नलपर्यंत पुरायचा.

यमीन म्हणजे उजवीकडे, यसार डावीकडे.
दवार म्हणजे सर्कल,
ज्यात आधीपासून फिरणाऱ्याचा मान पहिला.
आणि सीदा म्हणजे सरळ.
"हा तर आमचा शब्द," मी म्हणाले.
"आमचा," मोझा म्हणाली. "आजीसुद्धा हेच म्हणायची."
मी वाद घातला नाही.
मीटर चालू होतं.

डावा हात महिनाभर दारावर आपटत राहिला,
गिअर तिकडे नाही हे त्याला पटेना.
चौदा वर्षं शिरा शोधणारा हात,
डायलिसिसच्या जाड सुईला न चुकणारा,
तो इथे काचेचं बटण दाबून
वाळूचा लोट आत घ्यायचा.
पायी रस्ता ओलांडताना मी अजूनही
आधी भलतीकडेच बघते.

पहिल्यांदा तिसऱ्या ड्रमची काठी पडली.
दुसऱ्यांदा काठी नाही, अख्खा ड्रमच.
त्याचा पोकळ आवाज मैदानभर गेला
आणि माझ्यानंतर नंबर असलेला केरळचा शिजू
डोळे मिटून काहीबाही पुटपुटू लागला.

रात्री झोप लागेना. आवाज ओळखीचा होता.
मनमाडला, टँकर यायच्या आदल्या दिवशी,
आई गल्लीतल्या आमच्या ड्रमांना
असेच बुक्के मारून बघायची, कुठल्यात किती उरलंय.
आणि टँकर आला की मोठ्या पातेल्याचा
एक कान तिच्याकडे, एक माझ्याकडे,
लोकांच्या ड्रमांमधून घरापर्यंत
मी उलटी चालायची.
"मागं नको बघू. माझ्याकडं बघ.
मी सांगते ना."
एक थेंब सांडला तरी तिला कळायचं.

तिसऱ्या खेपेला हे आठवलं असतं
तर कविता बरी झाली असती.
काहीच आठवलं नाही.
शेजारी अधिकारी, त्याच्या गणवेशाला उदाचा वास,
तो म्हणाला, "रिवेस."
मी आरशात बघितलं.
काठ्या होत्या तिथेच राहिल्या.
शेवटच्या ड्रमवर एक साळुंकी बसली होती,
तीसुद्धा उडाली नाही.

कार्ड मशीनमधून आलं तेव्हा कोमट होतं.
रक्तगट बरोबर.
फोटोत मी कुणाची तरी थोरली नणंद.
नाव अरबीत, म्हणून वॉर्डातल्या सफियाकडून वाचून घेतलं.
त्यांच्याकडे च नाही, प नाही.
चित्रा पगारची झाली
तशित्रा बाघार.
ज्याच्यासाठी एवढ्या लांब आले
त्याचाच बघार झाला, जिरं-मोहरीसकट.
सफियाला समजेना मी का हसतेय.
समजावायला लागले आणि
मध्येच सोडून दिलं.

त्याच आठवड्यात, रात्री अडीचला ड्यूटी संपवून,
तिचीच गाडी मागून घेतली.
समुद्राकडचा दवार रिकामा.
आधीपासून फिरणारा कुणी नाही,
तरी मी थांबले, डावीकडे नीट बघितलं,
मग आत शिरले.
घराचा फाटा आला. जाऊ दिला.
पुन्हा आला.
कुणी यमीन म्हणालं नाही, कुणी यसार.
लांबून एका पिकअपचे दिवे आले
आणि तो तोंडाशी येऊन थांबला,
मी जाईपर्यंत.