सव्वीस इंच

धुळ्यात, आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत,
क्रिकेटच्या पॅडांच्या ढिगामागे
पिनाकिन शेठनी रायलीला भिंतीशी उभं केलं.
म्हणाले, हात पसर.
टेपचं एक टोक मी धरलं.
या बोटापासून त्या बोटापर्यंत एकशे पासष्ट,
त्याला अडीचने भागायचं.
सव्वीस इंच. एवढीच तुझी ओढ, शेठ म्हणाले,
जास्त घेशील तर खांदा जाईल.

आम्ही ओढ कधी मोजली नव्हती.
कामठा बांबूचा, दोरीही बांबूच्याच सालीची,
एक उन्हाळा काढला तर आपला, नाहीतर चुलीचा.

हे काळं, दोन्ही टोकांना चाकं,
सायकलच्या ब्रेकसारख्या ताणलेल्या दोऱ्या.
तीन ठेवले होते समोर. शेठ रंग दाखवत होते.
रायलीने डोळे मिटून एकेक ओढला, मग उघडले.
ज्याच्या दोरीतलं भोक आपोआप डोळ्यापुढे आलं
तो बाजूला काढला.
नाशिकच्या कुणी वर्षभर वापरून विकलेला,
मुठीवर त्याच्या घामाचा डाग.

मग ते बटण.
दोरीला बोट लावायचं नाही,
हा आकडा अडकवायचा, अंगठ्याने दाबायचं.
मी म्हटलं, आमच्यात अंगठा लावत नाहीत.
शेठ टेप गुंडाळत राहिले.
रायली म्हणाली, मी लावेन.

तुम्हीबी वढी देखा, दादा, म्हणत
गोटू मला मागच्या गोदामात घेऊन गेला.
तिथे फोमचं सांबर. शिंगं काढून ठेवलेली.
पुढच्या खांद्यामागे एकात एक वर्तुळं,
जणू त्याला पाठच आहे कुठे मरायचं ते.

मी ओढला. आधी जड,
मग चाक फिरलं आणि वजन गेलं.
चाळीस पौंडांतले आठच उरले हातात.
आता थांबा हवं तेवढं, दारातून शेठ म्हणाले.

हवं तेवढं.
बांबू थांबू देत नाही. हात कापायला लागतो,
डोळ्यांचं ठरायच्या आत बोटांचं ठरतं.
तसाच सुटला होता तो, तोरणमाळच्या अंगाला,
मी सतराचा, बाप खाली पाण्याशी.
बघत होतो खांद्यामागे, लागला पोटात.
दोन दिवस पानांवरचं रक्त वाचत गेलो.
हिरवट, मग थेंब, मग नुसती पानं.
तिसऱ्या दिवशी वास आला,
वारा फिरला, वासही गेला.
बाप काही बोलला नाही,
पण महिनाभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही त्याने.
आता मी वनखात्याचा रोजंदारी माणूस,
त्याच डोंगरात दुसऱ्यांचे फासे गोळा करतो.

सोड आते, गोटू म्हणाला.
फोमचंच तर होतं.
वर्तुळ हललं नाही. मीही नाही.
न सोडताच परत आणायला गेलो
तर चाक उलटं फिरलं
आणि गेलेलं सगळं वजन झटक्यात खांद्यावर आलं.
काय व्हयनं?
काही नाही, म्हटलं. बांधून द्या.

पैसे मिरचीचे होते.
मोजताना शेठ दोनदा शिंकले.

धडगावच्या शेवटच्या गाडीत कंडक्टरने विचारलं,
खोक्यात काय? चाकं, रायली म्हणाली.
त्याने सामानाचं अर्धं तिकीट फाडलं.

घाटातल्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर
दिव्यांच्या उजेडात ते उभं होतं. मोठं, ओल्या नाकाचं.
ड्रायव्हरने दिवे मंद केले.
खोकं वर फळीवर.
रायलीचा डावा हात रिकामाच पुढे गेला,
उजवा जबड्याशी. अंगठा उभा, दाबलेला नाही.
मी मोजत होतो. अकरा, बारा.
त्याला घाई नव्हती. एक पाय, मग दुसरा,
मग झुडपांत नुसता आवाज.

तिने हात सावकाश मागे आणला,
कोपर अंगाशी, दात आवळून,
झटका बसू नये म्हणून.

म्हणजे गोदामात ती माझ्या मागे उभी होती.