प्रेताचं काम

चिआतुरात, मँगनीजच्या काळ्या दरीवर
ओतियाची आई रोपवेचा पाळणा चालवायची.
त्याच्या तडकलेल्या काचेतून
त्यानं पहिल्यांदा जग चौकटीत पाहिलं:
एक बकरी, दोन धुराडी,
खाणीकडे वळणारी बापाची पाठ.
पाठच.

तिबिलिसीत पहिलं काम मिळालं
ते प्रेताचं.
मिठाच्या बर्फात अकरा टेक.
"मेलायस ना? मग श्वास कसला घेतोस!"
दिग्दर्शक खेकसला.

गावी पिक्चर लागला तेव्हा
भरल्या थिएटरात आई एकटीच ओरडली,
ऊठ रे, सर्दी होईल.

आता कॅमेऱ्यामागे तो.
समोर मिठात कुणाचंसं पोर पडलेलं.
चोरून श्वास घेतं,
छातीवरचं मीठ जरासं घसरतं.
सहायक वळून बघतो.

ओतिया 'कट' म्हणत नाही.